रस्त्यावर बसणार का, मास्तर?

सगुणा,

हे मी तुला मराठीत लिहितो आहे. पहिलीच ओळ बघून तू काय म्हणाला असतास ते मला ठाऊक आहे. "मास्तर, मेल्ल्या मनशाकडेन तरी ताचे भाशेंत उलय मरे!" मग मी विचारलं असतं, तुझी आई देवळात भजनं म्हणायची ती कुठल्या भाषेत रे? मग तू हातातला पाना खाली ठेवला असतास, दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं असतंस, आणि आपली पुढच्या दोन तासांची निश्चिंती झाली असती. जवळजवळ चाळीस वर्षं आपण हा वाद पुरवून पुरवून घातला. आता तू उत्तर द्यायला नाहीस, म्हणजे मी जिंकलो असं धरायला हरकत नाही. पण जिंकल्यासारखं वाटत नाही. समोर चिडायला कोणी नसलं की बरोबर असण्यातही काही मजा राहत नाही.

गेलास मात्र झकास. वहिनी रडता रडता सांगत होत्या, बांगड्याचं हुमण दोनदा मागून घेतलंस, "आज बरें जालां" म्हणालास, दुपारी आडवा झालास तो चहाला उठलाच नाहीस. मी आलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती, आणि माझ्या मनात आधी काय आलं सांगू? हा माणूस मेलासुद्धा दुकान बंद असायच्या वेळात. कोणाची सायकल अडून राहायला नको. मला त्या अंगणात हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू आलं. कोणीतरी मला धरून बाकावर बसवलं.

परवा रविवारी तुझं बारावं झालं. पानं उठल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं आणि ती वही माझ्या हातात ठेवली. "तुमची म्हूण सांगून गेल्यात," म्हणाल्या. सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्टीने बांधलेली, कडा तेलकट, आणि वर माझ्याच अक्षरात, रेघ मारून: 'वाड्याच्या अडचणी'. एवढी वर्षं ती तू जपून ठेवली असशील असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर ती हरवली असावी अशी माझी इच्छा होती. का, ते तुला ठाऊक आहे. तरी एकदा तोंडाने सांगायचं राहिलं आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

ती वही निघाली ते वर्ष भाषेचं होतं. कोकणी की मराठी, यावरून घराघरात दोन पाट मांडले गेले होते. रस्त्यावरच्या पाट्यांना डांबर फासलेलं, बस कुठे अडेल त्याचा नेम नाही. मी पेडण्याकडचा, हळर्णचा, तुमच्या डिचोलीत कारापूरच्या अलीकडल्या या वाड्यावर मराठी शाळेचा मास्तर म्हणून आलेला. तू तिठ्यावरचा सायकलवाला. पंक्चर काढायचास, सायकली भाड्याने द्यायचास, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कोकणीचं महत्त्व पटवून द्यायचास. मी मराठीच्या बाजूचा म्हणून माझ्या सायकलीला तू मुद्दाम सगळ्यांत शेवटी हात लावायचास. मीही मुद्दाम तुझ्याचकडे यायचो.

एके दिवशी चाकात स्पोक बसवता बसवता तू एकदम म्हणालास, "मास्तर, सगळीं भाशेखातीर बोब मारतात. पूण लोकांक कितें जाय तें कोणें विचारलां?"

"विचारायचं काय त्यात?" मी म्हटलं. "सगळ्यांना आपापली भाषा हवी आहे."

"म्हज्या बायलेक नळाक उदक जाय," तू म्हणालास. "तें खंयचेय भाशेंत आयल्यार चलता."

तिथून वही सुरू झाली. तुझं अक्षर दुसऱ्या दिवशी तुझं तुलाही लागायचं नाही, म्हणून लेखनिक मी. पट्टीने चार रकाने आखले: नाव, अडचण काय, त्यासाठी रस्त्यावर बसणार का, सही. संध्याकाळी शाळा सुटली की तू सायकल मारायचास आणि मी मागे कॅरिअरवर वही छातीशी धरून. सगळा वाडा हसायचा. तुला त्याचं काही नसे, उलट तू घंटी वाजवत जायचास.

पहिलं घर दादी गांवकारांचं. देवळाचा मान त्यांचा, त्यामुळे सुरुवात तिथूनच करायची हे आपण दोघांनी न भांडता ठरवलं होतं. दादी म्हणाले, "अडचण? कसली अडचण? देवाचे कुर्पेन सगळें बरें आसा." एवढ्यात सुनेने चहा आणला, तो अर्धा अर्धा कप. "पुराय दिवंक उदक ना," ती ओशाळून म्हणाली. तू डोळे मिचकावून विचारलंस, "दादी, ही अडचण न्हय?"

"मार्च म्हयन्यांत तें सदांचेंच," दादी म्हणाले. "अडचण म्हणल्यार ते रस्त्याच्या पलतडचे घाटी. ते आयले आनी आमची बांय आटली."

बांय म्हणजे विहीर, देवळाजवळची. तिठ्यावर सरकारी नळ बसून दोन उन्हाळे झाले होते. नळ चकचकीत होता, तोटी चांगली फिरायची, फक्त तिच्यातून पाणी येत नव्हतं. आणि रस्त्याच्या पलीकडे पत्र्याच्या खोपींमध्ये कोल्हापूर-बेळगावकडची माणसं राहायची, कारखान्यांच्या शेड बांधणारी. त्यांच्यातल्या गंगव्वाकडे आपण गेलो. ती तेव्हा तिशीतली असेल, डोक्यावर विटा वाहून मान ताठ झालेली. तिने आपल्याला बसायला उलटी पाटी दिली.

"काय सांगायचं ओ मास्तर, पाणी न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या हिरीवर गेलं की बाया कळशी आडवी घालत्यात. अडचण पाण्याची न्हवं, गावाची."

तिसरं घर मिंगेल पदेराचं. त्याच्या भट्टीतले उंडे आणि पाव सगळा वाडा खायचा. मिंगेलची अडचण अशी की पीठ मळायलाच पाणी नाही. "गांवकार म्हाका बांयचेर उबो करिनात, आनी घाटी रातींचें येवन म्हज्या पिंपांतलें उदक व्हरतात," तो म्हणाला. "मास्तर, दोगांचींय नांवां बरय."

रस्त्यावर बसणार का, या रकान्यात तर बहारच होती. दादी म्हणाले, ते घाटी बसत असतील तर गाव बसणार नाही. गंगव्वा म्हणाली, गाव बसत असेल तर आम्हाला कशाला पुढं घालता, मुकादम कामावरून काढील. मिंगेल म्हणाला, "बसतलों. पूण पाव वांटून जातकच." वाड्यावर जेवढी घरं तेवढ्या अटी.

परत येताना तू सायकल हातात धरून चाललास. चढ होता आणि तुला विचार करायचा होता. मग म्हणालास, "मास्तर, पळय. सगळ्यांची अडचण एकूच. आनी दर एकल्याक दिसता, अडचण म्हणल्यार आपलो शेजारी." मी मान हलवली. वाक्य चांगलं होतं. ते कोकणीत होतं म्हणून मी मुद्दाम वाहवा केली नाही. आज करतो.

पण खरा घोटाळा केला तो मी. लोक बोलायचे ते मी तसंच लिहायला नको होतं का? पण मी मास्तर! माझ्या हातून अशुद्ध उतरेल कसं? घरी बसून मी सगळी वही नीट करून काढली. गंगव्वाच्या नावापुढे लिहिलं: 'पेयजलाची अनुपलब्धता व ग्रामस्थांचे असहकार्य.' मिंगेलपुढे: 'पिष्टमर्दनार्थ जलाचा अभाव.' दादींपुढे: 'परप्रांतीयांचा उपद्रव.' मग शाळेच्या ओसरीवर सगळ्यांना बोलावलं, ज्याचं त्याला वाचून दाखवायला आणि सह्या घ्यायला. मी घसा साफ करून वाचत गेलो. शेवटी गंगव्वा शेजारणीला म्हणाली, "कुणाचं वाचायलेत गं हे?"

मिंगेल टोपी हातात घेऊन उठला. "मास्तर, हें आमी म्हणूंक ना. कोणें म्हणलां तागेली सय घेयात." आणि माणसं पांगली. एक सही नाही, एक अंगठा नाही.

तू एवढा भडकलास तेवढा भाषेवरूनही कधी भडकला नव्हतास. "तांचें उतर तुवें काडून घेतलें मरे!" उतर म्हणजे शब्द, जसा तोंडातून आला तसा.

"कचेरीत द्यायचं तर शुद्ध नको?" मी म्हटलं.

"कचेरीक तान लागता?" तू ओरडलास. पुढे आठवडाभर माझी सायकल पंक्चर, आणि तू तिच्याकडे बघेनास. मी चालत शाळेत जायचो, तुझ्या दुकानावरून, ताठ मानेने. मला वाटत होतं तू माफी मागशील. माफी मागायला मी हवा होतो, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

सगुणा, त्यानंतर तू जे केलंस ते आठवलं की मला अजून एकट्याला हसू येतं. देवळाचा वार्षिक उत्सव आला. पालखी निघण्याआधी दादी देवासमोर उभे राहून गाऱ्हाणं घालायचे. गावाच्या वतीने एकेक वाक्य देवाला सांगायचं, आणि दर वाक्यापाठी जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. आपण लहानपणापासून म्हणत आलो. कोणी ऐकून म्हणत नाही. वाक्य संपलं की घसा आपोआप उघडतो, अर्थ मागाहून येतो. दादींना वयामुळे शब्द आठवायचे नाहीत, म्हणून कोणीतरी कानाशी उभं राहून सांगायचं. त्या वर्षी ते काम तू मागून घेतलंस. सगळ्यांना वाटलं, सायकलवाल्याला भक्ती सुचली.

सुरुवातीची वाक्यं नेहमीची. गाव सुखाचा ठेव, गुरांवासरांना राख. व्हय म्हाराजा! मग तू दादींच्या कानाशी वाकलास, आणि दादींच्या खणखणीत आवाजात बाहेर पडलं: "बा देवा म्हाराजा, तिठ्यार नळ आयला, पूण नळाक उदक येवंक ना!"

"व्हय म्हाराजा!"

दादी किंचित अडखळले. पण देवासमोर सुरू केलेलं मध्ये तोडता येत नाही. तू पुन्हा वाकलास.

"पलतडच्या मनशांक आमी बांयचेर उबीं करूंक ना, ही आमची चूक जाली, ती पोटांत घाल!"

"व्हय म्हाराजा!" आवाज छपराला लागला, आणि मग माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आपण काय कबूल केलं?

"येत्या सोमारा गांव, पलतडचीं मनशां आनी पदेर, सगळीं मेळून तिठ्यार बसतलीं. तांकां बळ दी!"

"व्हय म्हाराजा!"

उत्सव बघायला गंगव्वा आणि तिच्याकडची माणसं बाहेर कठड्यापाशी उभी होती. सगळे ओरडतात म्हणून तीही ओरडली. मिंगेल पावांनी भरलेली वेताची पाटली घेऊन झाडाखाली उभा होता, तोही ओरडला आणि मग घाईघाईने छातीवर क्रूस काढला. आणि सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा होता? माझा. मला तुझी युक्ती दुसऱ्याच वाक्याला कळली होती. ते माझ्या वहीतले रकाने होते. मी शुद्ध करून मारलेली वाक्यं तू जिवंत करून परत आणली होतीस.

नंतर दादींनी तुला खांबाआड गाठलं. "सगुणा, म्हज्या तोंडांत कोणालीं उतरां घातलीं रे?"

"तुमचींच, दादी. वहीतलीं."

दादींच्या मिशा हलल्या. "देवाक उतर दिलां," ते म्हणाले. "आतां बसचेंच पडटलें."

आता ते. जे मला सांगायचं आहे.

सोमवारी सकाळी सगळा वाडा तिठ्यावर बसला. मी आलो नाही. वही घेऊन मी पुढे बसायचं असं आपलं ठरलं होतं. शनिवारी शाळेत तपासणीला आलेले साहेब जाता जाता म्हणाले होते की, रस्त्यावर दिसणाऱ्या शिक्षकांना सध्या लांबच्या शाळा मिळताहेत. तेवढंच. मला हळर्णच्या घरातली म्हातारी आई दिसली, पोटुशी बायको दिसली. ती कारणं खोटी नव्हती. पण तेवढ्याने नसतो थांबलो. मी भ्यालो. आदल्या संध्याकाळी वही तुझ्या दुकानात ठेवून आलो आणि सकाळी शाळेत जाऊन वर्गाचं जनेल अर्धं ओढून घेतलं. मुलं पाढे म्हणत होती आणि मी उरलेल्या अर्ध्या खिडकीतून तुम्हाला बघत होतो.

सगळं बघितलं मी. बायका कळश्या घेऊन बसल्या. गंगव्वाच्या बाया आधी चार हात लांब बसल्या, मग ऊन चढलं तसं आंब्याच्या सावलीत सगळ्यांना एकत्र सरकावंच लागलं. मिंगेल पाव वाटूनच आला, पण पाटलीत अर्धे पाव राखून आणले होते. बस थांबली, ट्रक थांबले. हवालदार आला आणि दरडावून विचारलं, "पुढारी कोण?" तेव्हा दादींच्या सुनेने देवळाकडे बोट दाखवलं. "ताका विचारात. ताणें सांगलां." हवालदाराने टोपी काढली, कपाळ पुसलं आणि तोही सावलीत जाऊन उभा राहिला. त्या सावलीत माझीही जागा होती. ती मला खिडकीतून स्पष्ट दिसत होती, तुझ्या उजव्या हाताला.

संध्याकाळी मी दुकानावर आलो आणि म्हटलं, "पोट बिघडलं होतं रे."

तू माझ्याकडे बघितलंस. "मात्शें लिंबू घे," म्हणालास, आणि पंक्चर काढायला लागलास. माझ्याच सायकलीचं.

चारपाच दिवसांत नळाला पाणी आलं. रांग लागली तेव्हा पुन्हा भांडण, आधी कोण? शेवटी एक कळशी अलीकडची, एक पलीकडची, आणि मधून मिंगेलची बाल्दी, अशी पद्धत पडली. ती तू घालून दिलीस की बायकांनी, यावर अजून एकमत नाही. त्या पाण्यात मळलेल्या पावांची पहिली खेप भाजली तेव्हा मिंगेलने गरम उंडा मला शाळेत आणून दिला. मला तो गिळताना किती वेळ लागला, ते मी कोणाला सांगितलं नाही.

मग कोकणी राजभाषा झाली. तुझ्या दुकानावर लाडू. मी जनेल लावून घेतलं. तू वहिनींच्या हाती डबा पाठवलास आणि निरोप: "मास्तराक सांग, लाडू मराठींत खा म्हूण." मी चार खाल्ले. पुढे राज्य झालं, त्या दिवशी तू दुकानाला झेंडूची माळ घातलीस आणि मला म्हणालास, "राज्य जालें, मास्तर. आतां नळाक वेळार उदक येतलें मरे?" मी म्हटलं, त्यासाठी आणखी एक राज्य करावं लागेल. तू एवढा हसलास की हातातली चेन पडली.

एक गोष्ट मात्र मी त्या वर्षी शिकलो. नंतर लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला यायचे तेव्हा मी त्यांचंच वाक्य लिहू लागलो. गंगव्वाच्या रेशनकार्डाचा अर्ज मी "पोटाला न्हाई" असाच लिहिला. तू तो वाचलास आणि म्हणालास, "आतां जालो मास्तर." मला शाळेत मिळालेल्या कुठल्याही शेऱ्यापेक्षा मी तो जपून ठेवला आहे. हेही तुला कधी सांगितलं नाही. काय काय सांगितलं नाही रे मी!

त्या सोमवाराबद्दल तू एकदाही टोमणा मारला नाहीस. एवढा वाद घालणारा माणूस, जिंकायला एवढं मोठं हत्यार हातात, आणि ते तू कधी उचललं नाहीस. मी वाट बघायचो. वाटायचं, आज काढेल, एकदाचा काढेल आणि मी मोकळा होईन. तू काढलं नाहीस. मला त्याचा रागसुद्धा यायचा.

गेल्या महिन्यात रस्ता रुंद व्हायचं निघालं आणि तिठ्यावरचा नळ उखडणार असं कळलं. गावात आता घराघरात नळ. दादींचा नातू म्हणतो, अडचण कसली? पण पलीकडे खोपींच्या जागी भाड्याच्या खोल्या झाल्यात, त्यांत आता आणखी लांबून आलेली माणसं राहतात, आणि त्यांच्यामध्ये आपली गंगव्वा, आता सत्तरीची. त्यांचं सगळं पाणी त्या एका नळावर. तू पुन्हा घरोघर निघालास, काठी टेकत, सायकल हातात धरून. माझ्याकडे आलास. तेच दोन प्रश्न.

"रस्त्यार बसतलो, मास्तर?"

"आता कसलं बसतोस," मी म्हटलं. "गुडघे बघ माझे. आणि तुझं तरी वय आहे का? तरुण मंडळी बघतील. दर वेळी आपणच कशाला?" मी बरंच बोललो. पेन्शनीतल्या माणसाची बदली कुठे होणार, हे तू म्हणू शकला असतास. म्हणाला नाहीस.

"बरें," तू म्हणालास. "तुजो जबाब म्हजेकडे आसा."

"मी जबाब दिलेलाच नाही!" मी चिडून म्हटलं. तू हसलास आणि सायकल वळवलीस. मी पायरीपर्यंतसुद्धा आलो नाही. ती आपली शेवटची भेट.

तर परवा दुपारी, तुझ्या ओसरीवर बसून मी ती ट्यूबची पट्टी सोडली. माझी शुद्ध वाक्यं तू जागोजागी खोडून वर लोकांचं बोलणं लिहिलं होतंस. त्या सोमवारी तिठ्यावर घेतलेले अंगठे होते, सह्या होत्या. मिंगेलची सही पोर्तुगीज वळणाची. सगळ्यांत शेवटी एक पान फक्त माझं. तुझ्या त्या न लागणाऱ्या अक्षरात. शाई पार विटलेली, त्या वेळचीच. वर वार घातलेला: आयतार. म्हणजे सोमवारच्या आदला दिवस. मी वही दुकानात ठेवून गेलो, आणि माझी पाठ वळल्यावर तू हे लिहिलंस.

नाव: मास्तर.
अडचण: भियेता.
रस्त्यार बसतलो?: व्हय. मात्सो उशीर करतलो.
सही: 

सहीची जागा कोरी.

वहिनी कोकम सरबत घेऊन आल्या तेव्हा मी चष्मा काढून बसलो होतो. त्यांनी वही बघितली नाही, माझ्याकडे बघितलं. "फाल्यां सोमार," एवढंच म्हणाल्या. तू जमवलेली माणसं ठरल्या दिवशी बसणारच होती. तू नाहीस म्हणून पुढे ढकलू नये असं गंगव्वाने सांगितलं होतं.

काल सकाळी निघालो. गुडघ्यांनी वाटेत तीनदा थांबवलं. तुझ्या दुकानावर वहिनी उभ्या होत्या. मी घरची प्लॅस्टिकची खुर्ची काखेत मारली होती, ती त्यांनी काढून घेतली आणि तुझं पंक्चरचं बुटकं स्टूल हातात दिलं. त्यावर बसायचं म्हणजे गुडघे कानापर्यंत येतात. तू त्यावर आयुष्य कसं काढलंस देव जाणे. तिठ्यावर पोचलो तोवर सगळे केव्हाचे बसलेले. वहिनी मागोमाग आल्या. मिंगेलचा मुलगा पाव घेऊन आला होता. दादींचा नातू, तो अडचण कसली म्हणणारा, तोही होता. आईने, म्हणजे त्या अर्ध्या कपाच्या सुनेने, देवाला दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली असावी.

आंब्याखाली जिथे तू त्या वेळी बसला होतास, तिथे उजव्या हाताला मी स्टूल टेकलं. गंगव्वा वळली. तिला आता नीट दिसत नाही, तिने मला आधी हाताने चाचपलं.

"मास्तर व्हय?" ती म्हणाली. "उशीर केलासा की ओ."

तिला वहीतलं काय माहीत! मी हसायला लागलो तो थांबेचना, आणि हसता हसता डोळे एवढे भरले की समोरची बस दिसेना. "व्हय," मी म्हटलं. "मात्सो उशीर जालो."

सगुणा, ते मी कोकणीत म्हटलं. चुकलं असेल तर चुकलं. मग मी वही मांडीवर उघडली, गंगव्वाच्या नातीकडून पेन मागून घेतलं आणि त्या कोऱ्या जागेत सही केली.